परसातील कोंबडा आणि मोघम कायदा

साताऱ्याच्या पेठांत किंवा सांगलीच्या गावभागात परसदारी चार कोंबड्या पाळणे हा गृहस्थाचा हक्क की शेजाऱ्यास उपद्रव? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु २०१९ साली पुण्यात कोंबड्याच्या आरवण्याची तक्रार थेट पोलीस ठाण्यात पोहोचली होती. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलांची मर्यादा सांगतात. कोंबडा तर पहाटेच आरवतो! दंडाधिकाऱ्याकडे जावे, तर उपद्रव सार्वजनिक असल्याचे सिद्ध करावे लागते. एकट्या शेजाऱ्याची झोपमोड त्यात सहसा बसत नाही. मग उरतो दिवाणी दावा. त्याचा खर्च कोंबड्यांच्या किमतीच्या कितीतरी पट.

सातारा नगरपालिकेस १९६५ च्या, तर सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेस १९४९ च्या अधिनियमाने उपविधी करण्याचा अधिकार दिला आहे. पक्ष्यांची संख्या, खुराड्याचे अंतर व स्वच्छतेची जबाबदारी त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत सांगावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. नियम मोघम असला की निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर जातो, आणि मर्जीपुढे दुबळ्याचेच खुराडे आधी मोडते. कोंबडे झाकल्याने उजाडायचे राहत नाही. प्रश्न झाकल्याने तंटाही मिटत नाही.