लिंबावरची पाहुणी

महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेली राणी पाकोळी मूळची सह्याद्रीच्या ओलसर रानातली. काळ्या मखमली पंखांवर निळाईचे पट्टे. पंख पसरले की रुंदी १२ ते १५ सेंटिमीटर. रानात मादी माकडलिंबाच्या पानांवर अंडी घालते. कुळ एकच असल्याने अंगणातले लिंबूही तिला वर्ज्य नाही. पुढच्या पायांनी पानाची चव पारखून ती एकेक अंडे सुटे ठेवते.

कोवळी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पक्षी फसतात, घरची माणसे मात्र कीड समजून औषध फवारतात. फुलपाखराला चतुरिंद्रिय जीव मानणाऱ्या श्रावकांच्या घरीही हे घडावे, हे चमत्कारिकच. वास्तविक चांगले रुजलेले झाड पाने कुरतडल्याने मरत नाही, पुन्हा पालवते.

वाढलेली अळी पानासारखी हिरवी होते. डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेले शिंग काढून उग्र वास सोडते, दंश करीत नाही. पुढे रेशमी धाग्याने कंबर बांधून ती डहाळीला टेकते व कोश होते. कोशातून निघालेली पाकोळी पंख वाळेपर्यंत तिथेच लोंबत राहते.