खुंटच नसेल तर कलम कशावर?



आंब्याचे कलम बांधायचे तर आधी खुंट लागतो. आपल्या रक्तातही असाच प्रकार आहे. तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचा पदार्थ असतो. त्याला खुंट समजा. त्यावर ‘ए’चे कलम बसले की रक्तगट ए, ‘बी’चे बसले की बी, दोन्ही बसली की एबी. काहीच बसले नाही, नुसता खुंट राहिला, की तो ओ.

पण काही थोड्या माणसांत हा खुंटच नसतो. असे रक्त प्रथम मुंबईत आढळले. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय पत्रिकेत ते जगापुढे मांडले. म्हणून त्याचे नाव पडले ‘बॉम्बे रक्तगट’. आपल्याकडे साधारण १०,००० माणसांत असा एक सापडतो. हा रोग नव्हे. असा माणूस इतरांसारखाच नांगर धरतो. प्रश्न येतो तो रक्त चढवण्याची वेळ आली की.

साध्या तपासणीत ए नाही, बी नाही, म्हणून कार्डावर ‘ओ’ लिहिले जाते. पण ओ रक्तात खुंट आहे. या माणसाचे शरीर त्या खुंटालाच वैरी समजते, चढवलेल्या पेशी फोडते, आणि जीवावर बेतते. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते.

मुरबाड-शहापूरकडची बाळंतीण अडली की गाडी कल्याणला नाहीतर ठाण्याला धावते. रक्तपेढीत आपण म्हणतो, “साहेब, कार्डावर ओ आहे, पिशवी द्या लवकर!” पण पिशवीतले रक्त रोग्याच्या रक्ताशी जुळवून पाहतात, त्याला क्रॉसमॅच म्हणतात. हा गट तिथेच पकडला जातो. म्हणून त्या वेळेवरून भांडू नका. त्याहून बरे म्हणजे, गरोदर बाईचा गट ओ असेल तर ‘एच’ची तपासणी करून घ्यावी का, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

हा गुण आईबाप दोघांकडून दडून येतो. घरात एकाचा गट बॉम्बे निघाला तर सख्ख्या भावंडांचे रक्त जरूर तपासा. प्रत्येकात तो निघण्याचा संभव चारांत एक असतो. नात्यात लग्ने होतात तिथे तो अधिक दिसतो. अशा दुर्मिळ रक्ताची पारख मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होते.

आणखी एक. कार्डावर आई ओ, बाप ओ, आणि लेकरू ए निघाले, तर सुनेवर बोट ठेवू नका. खुंट नसला तरी ‘ए’चे बीज आत दडलेले असू शकते, ते लेकरात उगवते. आधी रक्त नीट तपासा. बियाणे न तपासता शेताला दोष देणारा शेतकरी शहाणा नव्हे.