एक्सप्लेनर : मोतीबिंदू थेंबांनी जात नाही, मग ऑपरेशनआधी हातात काय उरते?

'ऑपरेशनशिवाय मोतीबिंदू गायब' अशा जाहिराती मोबाइलवर सर्रास दिसतात. थेंब घाला, महिन्याभरात डोळा स्वच्छ. जुन्नर-आंबेगावातल्या ज्येष्ठांनी त्यावर पैसे घालवू नयेत.

डोळ्यातले भिंग प्रथिनांचे असते. वय वाढते तशी ती प्रथिने एकमेकांना चिकटून भिंग गढूळ होते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग पुन्हा पारदर्शक होत नाही, तसेच काहीसे. २०१५ मध्ये लॅनोस्टेरॉल नावाच्या द्रव्याने कुत्र्यांच्या डोळ्यांतला गढूळपणा कमी झाल्याचे संशोधन गाजले. पण त्यातून माणसांसाठी सिद्ध झालेले औषध आजवर आलेले नाही. कार्नोसिनच्या थेंबांचा २०१७ मध्ये कोक्रेन संस्थेने आढावा घेतला, तिथेही ठोस पुरावा मिळाला नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्यांचेही तेच. २००१ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत त्यांनी मोतीबिंदू रोखला नाही.

मग काहीच करायचे नाही का? करायचे, आणि खरे काम इथेच आहे. वय थांबवता येत नाही, बाकी बरेच काही हातात असते. मधुमेहात मोतीबिंदू लवकर येतो, म्हणून साखर आटोक्यात हवी. बिडी-सिगारेट सोडायची. कांदा, टोमॅटो, द्राक्षांच्या कामात दिवसभर उन्हात राहणाऱ्यांनी रुंद काठाची टोपी आणि यूव्ही रोखणारा चष्मा वापरावा. नुसता काळा चष्मा त्यासाठी पुरत नाही. उसाचे पाते किंवा द्राक्षबागेतली तार डोळ्याला लागली, तर मार लागलेल्या डोळ्यात तरुणपणीही मोतीबिंदू होतो.

चुलीचा धूर हा आपल्याकडे सर्वांत कमी बोलला जाणारा धोका. भीमाशंकरच्या बाजूच्या आदिवासी गावांत सिलिंडर संपला की चूल पुन्हा पेटते, आणि धुरासमोर बसते ती घरातली बाई. गॅस जोडणी दिली म्हणजे काम झाले असे धरणाऱ्या सरकारी हिशेबात तिचे डोळे येत नाहीत. रिफिल परवडणे हा डोळ्यांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

दुसरी चूक मेडिकलच्या काउंटरवर होते. डोळा लाल झाला की चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे थेंब घेतले जातात. आराम पडतो म्हणून बाटली महिनोन्महिने चालते. त्याने मोतीबिंदू तर होतोच, काचबिंदूही होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. चिठ्ठी मागणाऱ्या दुकानदारावर चिडू नये.

सुरुवातीच्या मोतीबिंदूत चष्म्याचा नंबर बदलून, वाचताना उजेड वाढवून बरीच वर्षे निभावता येते. पुणे-नाशिक महामार्गावर समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांत पसरू लागला, तर रात्रीची दुचाकी मात्र बंद. अंधुक नजरेने रात्री शेतात पाणी द्यायला जाणे तर बिबट्याच्या या पट्ट्यात दुहेरी धोक्याचे.

चष्म्यानेही रोजची कामे अडू लागली की ऑपरेशन हाच उपाय. २०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्यांमधील ६६.२ टक्के अंधत्वाचे कारण मोतीबिंदूच निघाले, तेही ऑपरेशनने नजर परत येत असताना. नारायणगावात डॉ. मनोहर डोळे यांनी उभे केलेले मोहन ठुसे नेत्र रुग्णालय याच कामासाठी ओळखले जाते, डॉ. डोळे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तरी 'अजून पिकू द्या' हा सल्ला पारावर टिकून आहे. आताच्या शस्त्रक्रियेला पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. उलट फार पिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्यातला दाब वाढू शकतो. डोळा अचानक लाल होऊन ठणकू लागला, डोके दुखून उलट्या आल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.