संगणक बदलताना

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली, आणि तेव्हापासून आमच्या टपालात एकच प्रश्न निरनिराळ्या हस्ताक्षरांत येतो आहे. 'संगणक जुना आहे, पण चालतो. त्यावर आम्ही घरातील जुनी छायाचित्रे दुरुस्त करतो. तो आता बदलावा काय?' विचारणारे बहुधा निवृत्त गृहस्थ असतात. काही भगिनीही आहेत, आणि त्यांचे काम पुष्कळदा अधिक नेटके असते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

हा छंद आमच्या माळव्यातील घरांना शोभणारा आहे. पुढे राजा ही पदवी लाभलेल्या दीनदयाळांनी 1870 च्या दशकात इंदुरात, सार्वजनिक बांधकाम खात्यात असतानाच कॅमेरा हाती घेतला आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे छायाचित्र काढवून घेण्याची हौस दरबारातून वाड्यांत आणि वाड्यांतून बिऱ्हाडांत उतरली. नऊवारी नेसून रंगविलेल्या पडद्यापुढे ताठ बसलेल्या पणजीबाई, पगडीतले आजोबा, मुंजीतला बटू, असे चार-दोन फोटो कोणत्याही मराठी घरातील ट्रंकेत सापडतातच. त्यांवर पावसाळ्यांनी डाग पाडले आहेत, कसरीने कडा खाल्ल्या आहेत. ते संगणकावर घेऊन ठिपका ठिपका भरणे हे रफूचेच काम आहे; तितकेच सावकाश आणि तितकेच डोळे शिणविणारे.

अशा कामात संगणक का अडखळतो, हे आधी पाहू. चार इंच बाय सहा इंचांचा एक फोटो इंचाला 600 बिंदू या मापाने स्कॅन केला, तर 86 लाख 40 हजार बिंदू होतात. प्रत्येक बिंदूला तीन रंगांचे तीन बाइट, म्हणजे सुमारे 26 मेगाबाइट. माप 1200 केले की तेच चौपट, 104 मेगाबाइट. रंगछटा अधिक सूक्ष्म हव्यात म्हणून 16 बिटांत काम केले की पुन्हा दुप्पट. त्यावर मूळ चित्र शाबूत राहावे म्हणून आपण प्रतीवर प्रत, थरावर थर चढवितो. प्रत्येक पुरा थर जवळजवळ तितकीच जागा मागतो. चार गिगाबाइट मेमरीच्या यंत्रात प्रणालीनेच निम्मी जागा अडविलेली असते. मेमरी भरली की संगणक उरलेले काम डिस्कवर टाकतो. ती डिस्क जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची असेल, तर कुंचला एकदा फिरविला की चहा ठेवून यावे, अशी स्थिती होते.

म्हणून आमचा पहिला सल्ला असा, की सगळे यंत्र टाकण्यापूर्वी त्यात म्हातारे नेमके काय झाले आहे, ते पाहावे. तबकडीची डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइट देते. तिच्या जागी बसणारी साधी एसएसडी पाचशेच्या घरात जाते, आणि विखुरलेले तुकडे गोळा करण्यात तर दोघींची तुलनाच नको. मेमरी आठ किंवा सोळा गिगाबाइट करता येत असेल, तर तीही करावी. मात्र डीडीआर3 च्या खाचेत डीडीआर4 बसत नाही, तेव्हा जुनी पट्टी काढून दुकानी सोबत न्यावी. 2025 च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणककेंद्रांची मागणी वाढून मेमरीचे भाव जगभर चढले, हेही हिशेबात धरावे.

एवढ्याने यंत्र पळू लागले, तरी सुरक्षिततेचा प्रश्न राहतोच. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीची, म्हणजे साधारणतः 2018 च्या आधीची यंत्रे या चाळणीतून खाली पडतात. कंपनीने जादा मुदतीची सोय ठेवली, पण ती एका वर्षाची. ज्यांच्या संगणकावर बँकेचे व्यवहारही चालतात, त्यांनी नवा घेणे टाळू नये. ज्यांचे यंत्र केवळ छायाचित्रांसाठी आहे, त्यांनी ते इंटरनेटपासून तोडून खुशाल वापरावे. किंवा लिनक्स घालून गिंप हा विनामूल्य कार्यक्रम शिकावा. त्याची सवय व्हायला महिनाभर लागतो आणि पहिल्या आठवड्यात चिडचिड होते, परंतु डाग भरायला तो उत्तम आहे.

नवा घेणाऱ्यांसाठी थोडक्यात: सोळा गिगाबाइट मेमरी, एसएसडी, आणि उरलेला पैसा पडद्यावर. आयपीएस जातीचा पडदा घ्यावा, म्हणजे मान किंचित हलली की पणजीबाईंचा चेहरा उजळत-काळवंडत नाही. खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या महागड्या ग्राफिक्स कार्डाची या कामाला गरज नाही. दुकानदार कितीही आग्रह करो.

आता ज्यासाठी हा लेख लिहिण्यास बसलो, त्याकडे येतो. आमच्या पाहण्यात जी कौटुंबिक चित्रे हरपली, त्यांतील थोडीच यंत्र बिघडल्याने गेली. बहुतेक गेली ती यंत्र बदलताना. 'फोटोंचे फोल्डर उचलले आणि नव्यात टाकले' असे आपण म्हणतो, पण फोटो म्हणजे काही नुसते चित्र नव्हे. पगडीतले ते आजोबा कोणाचे कोण, हे घरातल्या एकाच वृद्ध माणसाला ठाऊक होते. त्यांनी एका दुपारी सांगितले आणि आपण ते संगणकात टिपून ठेवले. ते टिपण कोठे राहते, याचा विचार कोणी करीत नाही.

पिकासा हा कार्यक्रम एके काळी घरोघरी होता. गूगलने तो 2016 मध्ये बंद केला. त्यात चेहऱ्यांना दिलेली नावे सहसा चित्रात लिहिली जात नसत. ती प्रत्येक फोल्डरातील एका दडलेल्या फाइलीत आणि संगणकातील एका वेगळ्या यादीत राहत. केवळ चित्रे निवडून उचलली की चेहरे येतात, नावे मागे राहतात. लाइटरूम वापरणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे, की केलेल्या दुरुस्त्या आणि शब्दनोंदी मुख्यतः त्याच्या कॅटलॉगात असतात. तो सोबत न्यावा, किंवा निघण्यापूर्वी नोंदी चित्रांच्या फाइलींत लिहून घ्याव्यात. तशी आज्ञा त्या कार्यक्रमात आहे.

याहून मोठा घोटाळा आपल्या लिपीचा. आमच्याकडे पुष्कळांनी वर्षानुवर्षे मराठी टंकलेखन कृतिदेवासारख्या जुन्या टंकांत केले. त्या टंकांत आतून अक्षरे इंग्रजीच असतात, केवळ त्यांची चित्रे देवनागरी काढलेली. टंक नव्या संगणकात नसला की 'काशीबाई, सन 1931' या जागी निरर्थक रोमन अक्षरांची माळ उमटते, आणि मुलगा ती कचरा समजून पुसतो. यासाठी जुने यंत्र जिवंत आहे तोवर सर्व टिपणे युनिकोडात रूपांतरित करावीत. रूपांतराची विनामूल्य साधने मिळतात. जोडाक्षरे आणि रफार मात्र एकदा स्वतः तपासावेत. शिवाय कागदावर एक प्रत छापून घ्यावी. कागद कोणत्याही प्रणालीवर उघडतो.

जुना फोटोशॉप नव्या यंत्रात घालता येईल, या भरवशावर राहू नये. 2013 पासून त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणीनेच मिळतात. विकत घेतलेल्या जुन्या आवृत्तीला नव्या यंत्रावर कंपनीच्या केंद्राची संमती लागते, आणि फार जुन्या आवृत्त्यांची अशी केंद्रे बंद झाली आहेत. ॲपलच्या संगणकांवर तर 2019 च्या कॅटालिना प्रणालीपासून 32 बिटांचे कार्यक्रम चालतच नाहीत. तेव्हा जुना फोटोशॉप उघडतो आहे तोवर प्रत्येक पुऱ्या झालेल्या चित्राची एक टिफ प्रत काढून ठेवावी. जेपीईजी प्रत पुण्याच्या भाचीला पाठवायला ठीक. पण ती उघडून, बदलून, पुन्हा पुन्हा साठविली की प्रत्येक खेपेस थोडा तपशील झडतो. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत मूळ मानून कामाला बसणाऱ्यांस तर आम्ही हात जोडतो.

स्थलांतर झाले की एक प्रत नव्या यंत्रात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावी. आपल्या समाजात मुलेबाळे पुण्याला, बंगळुराला, परदेशी असतात. याची एरवी खंत वाटते, येथे सोय होते. बाहेरची डिस्क एसएसडी असेल, तर ती वर्षानुवर्षे कपाटात पडू देऊ नये. वीज न मिळाल्यास तिच्यातील नोंदी कालांतराने विरू शकतात. कपाटासाठी तबकडीची जुनी डिस्कच बरी.

राहिले जुने धूड. ते लगेच भंगारवाल्यास देऊ नये. एक वर्ष, निदान घरातील एखादे लग्न किंवा मुंज पार पडेपर्यंत, ते कोपऱ्यात असू द्यावे. अशा वेळी 'तो फोटो कुठे गेला' हे हटकून निघते. त्यानंतर डिस्क काढून घ्यावी आणि उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या नियमांनुसार तो परत गोळा होऊन नीट मोडला जाण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

काचेच्या निगेटिव्ह स्कॅन कशा कराव्यात, असे दोन वाचकांनी विचारले आहे. त्याचे उत्तर पुढील अंकी. तोवर त्या कोणत्याही द्रवाने पुसू नयेत.