हँडलबदल : सोय की गुन्हा?

सकाळी नऊच्या सुमारास वाशीच्या खाडीपुलाकडे सरकणाऱ्या दुचाकींच्या रांगेत एक दृश्य हमखास दिसते. कोंडीत गाडी थांबली, की पुढे वाकून बसलेला तरुण हँडल सोडतो, मनगटे झटकतो, कंबर ताणतो आणि पुन्हा वाकतो. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर दुचाकींना मनाई आहे. त्यामुळे खारघर-नेरूळहून मुंबई गाठणाऱ्या मोटारसायकलस्वारापुढे वाशी किंवा ऐरोलीच्या पुलाचाच रस्ता उरतो. रोजच्या या प्रवासात दुखणारे मनगट त्याला अखेर गॅरेजच्या दारात नेते. 'हँडल बदलून द्या,' एवढीच त्याची मागणी असते. मागणी साधी आहे. तिच्याभोवतीचा कायदा मात्र साधा नाही.

हे दुखणे काल्पनिक नाही. यामाहाची आर-१५ ही मोटारसायकल २००८ मध्ये भारतात आली आणि शर्यतीच्या गाडीचा थाट मध्यमवर्गीय तरुणाच्या आवाक्यात आला. अशा गाड्यांना अखंड नळीऐवजी पुढच्या शॉकअब्सॉर्बरवर आवळलेली दोन आखूड, खालची हँडले असतात. वेगात असताना समोरचा वारा छातीला टेकू देतो आणि हातांवरचा भार हलका होतो. शीव-पनवेल महामार्गावरील कोंडीत तो वारा नसतो. धडाचा भार तळहातांवर येतो, मनगटातून जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब पडतो, त्यात इंजिनाची थरथर मिसळते आणि बोटांना मुंग्या येऊ लागतात.

बसण्याची ही ठेवण बदलता येते, हे उत्पादकांनाही ठाऊक आहे. रॉयल एनफिल्डने २०१८ मध्ये इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी या दोन मोटारसायकली एकाच ६४८ सीसी इंजिनावर बाजारात आणल्या. एकीचे हँडल रुंद व उंच, तर दुसरीचे खाली झुकलेले. केटीएमच्या ड्यूक आणि आरसी या जोडीतही हाच भेद आहे. म्हणजेच हँडलची उंची हा डिझाइनचा एक निर्णय असतो. सव्वापाच फुटांच्या आणि सहा फुटांच्या माणसाला तो सारखाच मानवेल, असे गृहीत धरण्याचे कारण नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांपासून वेगळे ठरतील, असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा सवलतीचा निर्णय रद्द करून हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे.

गोम पुढेच आहे. 'बदल' म्हणजे वाहनाच्या रचनेत असा फरक, की ज्यामुळे त्याचे मूलभूत वैशिष्ट्यच बदलते, असे स्पष्टीकरण कलम ५२ मध्येच आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिन क्रमांक, चॅसिस क्रमांक, रंग, इंधन यांचा उल्लेख असतो, हँडलचा नसतो. मग दोन-तीन इंच उंच हँडल हा मूलभूत बदल ठरतो का? याचे उत्तर रस्त्यावर उभ्या असलेल्या हवालदाराच्या मर्जीवर अवलंबून राहावे, हे नागरिकाच्या हिताचे नाही आणि हवालदाराच्याही नाही. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडले, तर कोणी हळहळणार नाही. पण शेजाऱ्याची झोप उडवणारी हौस आणि स्वतःच्या मनगटाची सोय यांना एकाच तागडीत तोलणे न्याय्य नव्हे.

याचा अर्थ हँडल मनमानी बदलावे, असा मुळीच नाही. हँडल हा सुकाणूचा भाग आहे. ते उंचावले की क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल ताणल्या जातात. पूर्ण वळवताना केबल ओढली जाऊन इंजिनाचा वेग आपोआप वाढू शकतो. ब्रेकची नळी अपुरी पडली तर तिच्यावर ताण येतो. ती बदलली तर आतील हवा पूर्ण काढावी लागते. दिव्यांच्या बटणांच्या वायरी चेमटतात. शिवाय स्वार मागे सरकल्याने पुढच्या चाकावरील भार घटतो. गॅरेजमध्ये तासाभरात उरकलेल्या कामात यांपैकी किती गोष्टी तपासल्या जातात, हा खरा प्रश्न आहे. अपघातानंतर विमा कंपनीला न कळवलेल्या बदलामुळे दाव्यात अडचण येण्याची शक्यताही असते.

मार्ग आपल्याच कायद्यात आहे. मोटारीला सीएनजी किट बसवणे हाही बदलच. पण प्रमाणित किट, अधिकृत केंद्र आणि प्रमाणपत्रावर नोंद अशी रीत तिथे रुळली आहे. जर्मनीत हँडलसाठीही अशीच पद्धत आहे. ते कोणत्या मॉडेलसाठी तपासले आहे, याचा दाखला हँडलसोबत मिळतो आणि गरजेनुसार तपासनीस गाडीच्या कागदांवर नोंद करतो. पुण्यातील 'एआरएआय'सारखी चाचणी संस्था राज्यात असताना हे इथेही अशक्य नाही. परिवहन खात्याने मर्यादा आखाव्यात, उत्पादकांनी प्रमाणित संच द्यावेत आणि वाशीच्या आरटीओत त्यांची नोंद व्हावी.

तोवर स्वारांनी संयम बाळगणेच बरे. अखंड नळीचे हँडल त्याच पकडीत किंचित फिरवून घेता येते, क्लच-ब्रेकच्या लिव्हरचा कोनही बदलता येतो. अनेकांचे दुखणे तेवढ्यानेच कमी होते. नवी गाडी घेताना तर रूपाबरोबर आपल्या रोजच्या रस्त्याचा विचार करावा. मात्र नागरिकांकडून शिस्तीची अपेक्षा करणाऱ्या शासनाने नियमही स्पष्ट शब्दांत सांगायला हवेत.