सरपंचाला मत का नाही?

विधान परिषदेच्या सभापतिपदाची खुर्ची जुलै २०२२ मध्ये रिकामी झाली. रामराजे नाईक निंबाळकर यांची मुदत संपली होती. ती खुर्ची भरली १९ डिसेंबर २०२४ रोजी. मधली जवळजवळ अडीच वर्षे उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी सभागृह चालविले. सभापती शक्य तितक्या लवकर निवडावा असे राज्यघटनेचे १८२ वे कलम सांगते. शक्य तितक्या लवकर म्हणजे अडीच वर्षे, असा अर्थ महाराष्ट्राच्या सत्ताधाऱ्यांनी लावला. शेवटी राम शिंदे बिनविरोध निवडून आले. चौंडीच्या धनगर घरातील माणूस त्या खुर्चीवर बसला याचे आम्हाला वाईट वाटण्याचे काही कारण नाही. परंतु हेच राम शिंदे कर्जत-जामखेडच्या मतदारांकडून २०१९ आणि २०२४ असे दोनदा पराभूत झाले होते, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. जनतेने ज्याला खालच्या सभागृहात पाठविले नाही, तो वरच्या सभागृहाचा प्रमुख होऊ शकतो. यात बेकायदा काहीच नाही. कायदाच तसा आहे, आणि आमचे भांडण त्या कायद्याशी आहे.

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत. ३० जण विधानसभेचे आमदार निवडतात, २२ जण स्थानिक स्वराज्य संस्था निवडतात, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालांनी नेमलेले. या ७८ पैकी एकही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव नाही, एकही अनुसूचित जमातींसाठी राखीव नाही. घटनेचे ३३२ वे कलम विधानसभेपुरते आहे, म्हणून २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींना आणि २५ जागा अनुसूचित जमातींना मिळतात. २०२३ साली महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती झाली, तीही लोकसभा आणि विधानसभांपुरतीच. राज्यसभा व विधान परिषदा त्यातून अलगद सुटल्या. ग्रामपंचायतीच्या वॉर्डापासून निघालेली आरक्षणाची पायवाट विधानसभेच्या पायरीपर्यंत येते आणि वरच्या मजल्याचे दार बंद आढळते.

हे दार किती बंद आहे ते पाहायचे तर मुंबईहून कसाऱ्याच्या लोकलने आटगावला उतरावे. शहापूर तालुक्यातील हे गाव. एका अंगाला मुंबई-नाशिक महामार्ग आणि कारखान्यांच्या शेडी, दुसरीकडे तानसाचे धरण. तानसा, मोडक सागर आणि भातसा यांचे पाणी मुंबई पिते आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण जणू याच तालुक्यासाठी जन्माला आली. कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी, कुणबी, आगरी, बौद्ध अशी ही वस्ती. शहापूर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडत असल्याने पेसा कायद्याप्रमाणे इथल्या ग्रामपंचायतींचे सरपंचपद आदिवासींचे. कागदावर पाहिले तर आदिवासींची सत्ता भक्कम दिसते.

आता या सरपंचाला विचारा, विधान परिषदेत तुझा आमदार कोण?

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघात महाराष्ट्रात मत आहे ते महापालिकेच्या व नगरपालिकेच्या नगरसेवकांना, जिल्हा परिषदेच्या सदस्यांना आणि पंचायत समितीच्या सभापतींना. ग्रामपंचायतीचा सदस्य या यादीत नाही आणि सरपंचही नाही. शहापूर आणि मुरबाड या गावांना नगरपंचायती झाल्या म्हणून तिथल्या नगरसेवकांना मत मिळाले. आटगावला ग्रामपंचायत, म्हणून आटगावला मत नाही. ग्रामपंचायत ही स्थानिक स्वराज्य संस्था नाही काय? ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत जागा दिली, मग परिषदेच्या मतदार यादीत जागा का देऊ नये?

ठाणे-पालघरचा मतदारसंघ घ्या. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, भिवंडी, उल्हासनगर, वसई-विरार अशा सात महापालिका त्यात आहेत. एकट्या ठाणे महापालिकेचे नगरसेवक १३१. ठाणे जिल्हा परिषदेच्या जागा २०१७ च्या निवडणुकीत होत्या अवघ्या ५३. शहापूर आणि मुरबाडच्या वाट्याला त्यातल्या काही. तेव्हा उमेदवार पाड्यावर कशाला येईल? त्याची बेरीज ठाण्या-कल्याणातच पुरी होते. वसंत डावखरे याच मतदारसंघातून निवडून येत आणि १९९८ पासून २०१६ पर्यंत परिषदेचे उपसभापती होते. २०१६ साली रवींद्र फाटक यांनी त्यांना हरविले. फाटक यांची मुदत जून २०२२ मध्ये संपली, तर स्थानिक संस्थांच्या निवडणुकाच रखडलेल्या. ज्यांना मत होते त्यांचेही मत गेले आणि जिल्ह्याची जागा वर्षानुवर्षे ओस पडली.

पदवीधर मतदारसंघाचे काय सांगावे! ज्या घरातला मुलगा दसरा-दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातो, त्या घरात पदवी येणार कधी? एखाद्या पोराने कष्टाने पदवी मिळविलीच तर पदवी होऊन तीन वर्षे झाली पाहिजेत, आणि प्रत्येक निवडणुकीला यादी नव्याने होते म्हणून अर्जही दर खेपेला नव्याने भरायचा. शिक्षक मतदारसंघात माध्यमिक शाळेपासून वरचे शिक्षकच मतदार. पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेचा मास्तर मुलांना पहिले अक्षर शिकवितो, पण तो या कायद्याला शिक्षक वाटत नाही. आमच्या समाजातून आणि आदिवासींतून नोकरीला लागलेली पहिली पिढी पुष्कळदा याच प्राथमिक शाळांतली आहे, हा योगायोग समजायचा काय?

राहिले शहापूरच्या राखीव जागेवरून गेलेल्या आमदाराचे एक मत. त्या मतदानात काय होते ते महाराष्ट्राने २० जून २०२२ रोजी पाहिले. काँग्रेसने पहिल्या पसंतीचा उमेदवार म्हणून चेंबूरचे चंद्रकांत हंडोरे यांचे नाव दिले होते. पक्षाचे ४४ आमदार, निवडून येण्यास २६ मते पुरेशी. हंडोरेंना मिळाली २२. दुसऱ्या क्रमांकावर ठेवलेले भाई जगताप निवडून आले आणि पहिल्या क्रमांकाचा दलित उमेदवार पडला. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, परिषदेच्या निवडणुकीत मतदान गुप्त असते. त्या गुप्ततेच्या पडद्याआड कोणाचा बळी देणे सोपे असते, हे आंबेडकरी जनतेला कोणी शिकवायला नको. हंडोरेंना २०२४ साली राज्यसभेवर पाठवून काँग्रेसने मलमपट्टी केली. जखम कोणी केली ते मात्र पक्षाने अद्याप सांगितलेले नाही.

राज्यपालांच्या बारा जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांसाठी आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या सरकारने बारा नावे राजभवनाकडे धाडली. त्यात एक नाव आनंद शिंदे यांचे होते. प्रल्हाद शिंदे यांचा हा मुलगा. वस्त्यावस्त्यांत भीमगीते ज्याच्या आवाजात घुमतात त्याला कलावंत म्हणून परिषदेत जागा मिळणार होती. राज्यपाल कोश्यारी यांनी यादीवर होय म्हटले नाही की नाही म्हटले नाही. वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले, तरी यादी तशीच पडून राहिली. सरकार बदलले, २०२२ साली यादी मागे घेतली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, सात जणांच्या नेमणुका झाल्या. त्यात माजी खासदार होते, पक्षांचे पदाधिकारी होते, नेत्याचे चिरंजीव होते. भीमगीतांचा गायक नव्हता.

नेमणुकीने आलेला सदस्य काय करू शकतो? १९२७ साली बाबासाहेब मुंबई विधिमंडळात आले ते गव्हर्नरांच्या नेमणुकीनेच. पुढच्याच वर्षी त्यांनी महार वतनाचे विधेयक मांडले. नेमणूक सरकारची, पण आवाज वतनाच्या जोखडाखालच्या माणसाचा. आज नेमलेल्या सदस्यांचा आवाज कोणाचा असतो ते विचारायचे नाही.

दुसरे सभागृह असावे की नसावे याविषयी बाबासाहेबांना फार ओढ नव्हती. १९४९ साली घटना समितीत त्यांनी स्पष्ट केले की हा एक प्रयोग आहे आणि नको झाल्यास ते मोडण्याची सोय घटनेत ठेवली आहे. १६९ वे कलम ते हेच. तरीही परिषद मोडा, अशी मागणी आम्ही करणार नाही. १९५२ साली राखीव जागेवर बाबासाहेबांचा पराभव झाल्यावर त्यांना संसदेत जाता आले ते राज्यसभेच्या दाराने. रा. सू. गवई याच विधान परिषदेत १९६८ साली उपसभापती आणि १९७८ साली सभापती झाले, पुढे विरोधी पक्षनेतेही झाले. रिपब्लिकन पक्षाचा माणूस त्या खुर्चीवरून सत्ताधाऱ्यांना खाली बसा म्हणत होता. गवईंच्या आधी अठरा वर्षे वि. स. पागे सभापती होते. रोजगार हमी योजना ही त्यांची कल्पना. खडी फोडणाऱ्या मजुराला कामाचा हक्क देणारा हा विचार वरच्या सभागृहाच्या सभापतीच्या डोक्यातून निघाला आणि २००५ साली देशाच्या कायद्यापर्यंत गेला. म्हणजे सभागृह नालायक नव्हते. त्याला पडलेल्या उमेदवारांचा पांजरपोळ पक्षांनी केला.

१९८२ साली गवई त्या खुर्चीवरून उतरले. नंतर जयंतराव टिळक, ना. स. फरांदे, शिवाजीराव देशमुख, निंबाळकर आणि आता शिंदे. चाळीस वर्षे उलटून गेली, आंबेडकरी चळवळीतला दुसरा माणूस तिथे बसला नाही. विरोधी पक्षनेत्याची जागाही ऑगस्ट २०२५ मध्ये अंबादास दानवे यांची मुदत संपल्यावर रिकामी झाली आणि त्या वर्षीचे नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना पार पडले.

आमची मागणी साधी आहे. कोणत्या स्थानिक संस्थांना मत द्यायचे ते संसदेने कायद्याने ठरवावे, असे १७१ वे कलमच सांगते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या चौथ्या अनुसूचीत महाराष्ट्राच्या नावापुढे ग्रामपंचायत हा शब्द घालावा. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही, साधे विधेयक पुरते. शेजारच्या कर्नाटकात ग्रामपंचायतीचे सदस्य परिषदेसाठी मतदान करतात, तिथे आकाश कोसळलेले नाही. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती, इतके मतदार सांभाळायचे कसे, असे विचारणारे निघतील. काही शे नगरसेवकांना बसमध्ये घालून सहलीला नेता येते, हजारो पंचायत सदस्यांना नेता येत नाही. विरोध होईल तो बहुधा याच कारणाने.

ही दुरुस्ती मांडायला खासगी विधेयकही चालते. महाराष्ट्राचे ४८ खासदार लोकसभेत आणि १९ राज्यसभेत आहेत. राखीव जागांवरून गेलेल्यांनी तरी पुढच्या अधिवेशनात तोंड उघडावे. शहापूर आणि मुरबाड ज्या भिवंडी लोकसभा मतदारसंघात येतात, तिथल्या खासदारांकडे प्रत्येक ग्रामसभेने या मागणीचा ठराव करून पाठवावा. ग्रामसभेच्या ठरावाला कोणाची परवानगी लागत नाही.