घरची भाषा आणि रुपेरी पडदा

गेल्या वर्षी नववीच्या वर्गास आम्ही 'मला आवडलेला चित्रपट' हा विषय निबंधासाठी दिला होता. वह्या तपासावयास घेतल्या तेव्हा असे दिसून आले की, तिघाचौघांनी 'सैराट'वर लिहिले होते. बाकी सारे निबंध हिंदी चित्रपटांवर होते. यात मुलांचा काही दोष नाही. वह्या परत देताना आम्ही सहज विचारले, "तुमची आजी ज्या भाषेत गोष्ट सांगते, त्या भाषेतला एखादा चित्रपट कुणी पाहिला आहे काय?" मागच्या बाकावरून एका मुलाने उत्तर दिले, "आमच्या बोलीत काय शिनेमा राहते का, सर?" सारा वर्ग हसला. उत्तर देणारा मुलगा पोवारी बोलणाऱ्या घरचा होता, आणि सर्वांत मोठ्याने तोच हसला.

ते हसणे आमच्या मनातून गेले नाही. आम्ही मूळचे गोमंतकातले. आमची मातृभाषा कोंकणी. शिक्षण मराठीतून झाले, पोटापाण्याचा व्यवसाय मराठी शिकविण्याचा, आणि वैनगंगेच्या काठी राहू लागल्यापासून बाजारहाट हिंदीत. या तीनही भाषांचे आम्ही ऋणी आहोत. परंतु लहानपणी आम्हीही आमच्या घरच्या भाषेबद्दल असेच हसलो होतो, आणि त्या हसण्याची लाज आम्हांस फार उशिरा वाटली. म्हणून या वार्षिकाच्या निमित्ताने कोंकणी चित्रपटाची कथा आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावी असे योजिले आहे. कथा लहान आहे. पण तिच्यातून निघणारा बोध लहान नाही, असे आमचे मत आहे.

मराठी चित्रपटाचा इतिहास आपण पाठ्यपुस्तकांतून थोडाफार वाचतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. 1932 साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला आणि पडदा मराठी बोलू लागला. 'संत तुकाराम' 1936 साली निघाला व पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. मराठीच्या पाठीशी कोल्हापूर-पुण्यासारखी शहरे होती, संगीत नाटकांची परंपरा होती, छापखाने होते, शाळा होत्या.

कोंकणीच्या वाट्यास यांपैकी फारच थोडे आले. 1684 साली पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी कोंकणीचा वापर बंद करण्याचे फर्मान काढले होते. पुढे ही भाषा घरात व शेतात जगली, परंतु कागदावर ती विखुरली. देवनागरी, रोमन, कन्नड, मल्याळम आणि अरबी-फारसी अशा पाच लिप्यांतून ती लिहिली जाऊ लागली. एका कोंकणी माणसाने लिहिलेले पत्र दुसऱ्या कोंकणी माणसास वाचता येऊ नये, अशी ही विचित्र अवस्था. मात्र पत्र मोठ्याने वाचून दाखविले की दोघांनाही ते समजे! विद्यार्थिमित्रांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच आधारलेले आहे.

पोटासाठी मुंबईस गेलेल्या गोमंतकीयांनी तेथे 'तियात्र' नावाचा नाट्यप्रकार सुरू केला. 17 एप्रिल 1892 रोजी 'इटालियन भुरगो' हे पहिले तियात्र मुंबईत रंगभूमीवर आले. गद्य संवाद, मधूनमधून गाणी, थट्टा आणि डोळ्यांत पाणी आणणारा प्रसंग, असे त्याचे स्वरूप. खलाशी, स्वयंपाकी, वाद्यवादक हे त्याचे आश्रयदाते. कोंकणी चित्रपटास नट, गायक आणि प्रेक्षक मिळाले ते प्रामुख्याने या तियात्रातूनच.

म्हापशाचे आल जेरी ब्रागांझा यांनी निर्मिलेला व दिग्दर्शित केलेला 'मोगाचो आंवडो', म्हणजे 'प्रेमाची ओढ', हा पहिला कोंकणी चित्रपट 24 एप्रिल 1950 रोजी प्रदर्शित झाला. त्या दिवसाच्या स्मरणार्थ 24 एप्रिल हा कोंकणी चित्रपट दिन म्हणून पाळला जातो. त्या वेळी गोवा परकीय सत्तेखाली होता. कोंकणीस राजमान्यता नव्हती आणि शाळेत स्थान नव्हते. असे असताना त्या भाषेत संपूर्ण बोलपट काढावा असे एका माणसाच्या मनात आले, हेच मुळी विशेष होय. 'अयोध्येचा राजा' नंतर हा चित्रपट येण्यास अठरा वर्षे लागली.

यानंतरचा टप्पा फ्रँक फर्नांड यांचा. हे गृहस्थ ट्रम्पेट वाजविण्यात निष्णात. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत वादक व संगीतसाहाय्यक म्हणून त्यांनी काम केले. त्या काळी हिंदी गाण्यांच्या मागे जो वाद्यमेळ ऐकू येई, त्यात गोमंतकीय वादकांचा भरणा मोठा होता. पडद्यावर मात्र त्यांची भाषा कधी ऐकू येत नसे. फर्नांड यांनी हिंदीच्या दरबारात मिळविलेली विद्या कोंकणीच्या अंगणात आणून वाहिली. त्यांनी निर्मिलेला 'आमचें नशीब' 1963 साली आला आणि 'निर्मोण' (नियती) 1966 साली. दोन्हींचे दिग्दर्शन ए. सलाम यांचे होते. 'निर्मोण'चे कथाबीज टेनिसन या इंग्रज कवीच्या 'ईनॉक आर्डन' या कथाकाव्यातले. समुद्रावर गेलेला खलाशी बेपत्ता होतो, तो मेला असे समजून पत्नी दुसरे घर करते, आणि मग तो परततो, अशी त्या काव्याची कथा. ज्या गोव्यातील घरोघरचे पुरुष बोटींवर नोकरीस जात, तेथे ही कथा परकी वाटण्याचे कारणच नव्हते. नवलाची गोष्ट ही की, 1967 साली याच चित्रपटावरून 'तकदीर' हा हिंदी चित्रपट निघाला. नेहमी मोठी भाषा देते आणि लहान भाषा घेते असे आपण धरून चालतो. येथे मोठ्या भाषेने लहान भाषेपुढे हात पसरला.

हे दोन चित्रपट कोणत्या काळात आले तेही पाहिले पाहिजे. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे, यावर 16 जानेवारी 1967 रोजी जनमत घेण्यात आले व कौल वेगळे राहण्याच्या बाजूने पडला. कोंकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद त्या वेळी घरोघर चालला होता. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. दोन्ही भाषा आमच्या घरच्या आहेत. इतकेच सांगतो की, 1975 साली साहित्य अकादमीने कोंकणीस मान्यता दिली, 1987 साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि 1992 साली तिचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला. म्हणजे भाषेवर सरकारी शिक्का उमटण्यापूर्वीच त्या भाषेचे चित्रपट लोकांनी तिकीट काढून पाहिले होते. आधी प्रेक्षक आले, मान्यता मागाहून आली.

1977 साली ख्रिस पेरी यांनी 'भुंयारांतलो मनीस' हा पहिला रंगीत कोंकणी चित्रपट काढला. पुढे मात्र ओघ फार क्षीण झाला. कारणे उघड आहेत. गोव्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार पंधरा लाखांहूनही कमी. चित्रपटगृहे मोजकी, आणि त्यांवर हिंदीचा पगडा. खर्च भरून येईल ही खात्री नाही, म्हणून भांडवल नाही. आणि भांडवल नाही म्हणून चित्रपट नाहीत. 2004 पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो. जगातील नाना भाषांचे चित्रपट पणजीस येतात. त्या भूमीची स्वतःची भाषा त्या गर्दीत शोधावी लागते.

तरीही ही ज्योत विझली नाही. 2009 साली लक्ष्मीकांत शेटगांवकर यांचा 'पलतडचो मनीस' आला. महाबळेश्वर सैल यांच्या कथाकृतीवर तो आधारलेला आहे. रानात एकटा राहणारा एक वनरक्षक एका वेड्या, निराधार स्त्रीस आसरा देतो आणि गाव त्याच्यावर उलटतो, एवढीच कथा. टोरोंटोच्या महोत्सवात जागतिक समीक्षकांच्या संघटनेने त्यास पारितोषिक दिले. पुढे 2014 साली बार्डरॉय बार्रेटो यांचा 'नाचूंया कुंपासार' आला. ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्या आयुष्यावरून सुचलेली ही कथा पेरींच्याच गाण्यांतून सांगितली आहे. उत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला. पण आम्हांस त्याहून मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. चित्रपटगृहांची वाट न पाहता निर्मात्यांनी सभागृहांतून खेळ लावले, आणि म्हाताऱ्या आजीपासून शाळकरी नातवापर्यंत सारी घरे ते पाहण्यास लोटली.

आता कोणी सुज्ञ वाचक विचारील की, एवढ्या खटाटोपाचे प्रयोजन काय? हिंदी चित्रपट सर्वांना समजतो; मग मूठभरांच्या भाषेत पैसा का बुडवावा? हा प्रश्न वाजवी आहे आणि त्यास भावनेने नव्हे, तर विचाराने उत्तर दिले पाहिजे.

आमचे उत्तर असे. पुस्तक वाचण्यास लिपी लागते, शाळा लागते, ठरलेले शुद्धलेखन लागते. ज्या भाषांस हे भाग्य लाभले नाही, त्यांना पुस्तकाचा दरवाजा निम्मा बंद असतो. चित्रपटास मात्र केवळ कान पुरतो. ज्या कोंकणी माणसांना पाच लिप्यांनी वेगळे केले, ती काळोखात पडद्यापुढे शेजारी शेजारी बसली आणि एकाच विनोदास हसली. अक्षरओळख नसलेली आजी आणि पदवीधर नातू यांना एकाच वेळी, एकाच मोलाने मिळणारी कला ही एकच आहे. म्हणून आम्ही म्हणतो की, चित्रपटाची गरज थोर ग्रंथसंपदा असलेल्या भाषेपेक्षा लहान भाषेस अधिक असते.

मात्र आपल्या भाषेतला आहे म्हणून कोणताही चित्रपट चांगला ठरत नाही, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगू. कित्येक कोंकणी चित्रपट सामान्य होते, आणि मराठीतही सामान्य चित्रपटांचा तुटवडा नाही. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, 1954 साली, 'श्यामची आई'ने सुवर्णपदक पटकाविले. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तो मान मराठीस पुन्हा मिळाला तो थेट 2004 साली, 'श्वास'मुळे. मधली पन्नास वर्षे मराठीत चित्रपट निघतच होते. हे दोन्ही चित्रपट कोंकणातल्या साध्या घरांचे आहेत. दुसऱ्यासारखे दिसण्याची धडपड सोडून आपल्या माणसांकडे नीट पाहिले, तेव्हाच ते घडले.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. 1956 पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. नंतर राज्याच्या सीमा बदलल्या, पण बालाघाटच्या घरांतील भाषा बदलल्या नाहीत. मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी एकाच आळीत नांदतात. 2011 च्या जनगणनेत कोंकणी बोलणारे सुमारे साडेबावीस लाख होते आणि गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख. गोंडीभाषक संख्येने अधिक असूनही गोंडीस आठव्या अनुसूचीत अद्याप स्थान नाही. 2017 च्या 'न्यूटन' या हिंदी चित्रपटात गोंडी कानी पडते, परंतु दुभाष्याने समजावून सांगावयाची भाषा म्हणून. 2021 चा 'शेरनी' आपल्याच जिल्ह्यातील वनांत चित्रित झाला, तोही हिंदी. त्या कलावंतांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी आपले काम चोख केले. आपली झाडे पडद्यावर आली, आपली भाषा आली नाही. ते काम आपले आहे, पाहुण्यांचे नव्हे.

संख्या कमी म्हणून भाषा गप्प बसत नाही. घरातली माणसेच तिला हसू लागली म्हणजे ती गप्प होते. ब्रागांझांपाशी राजाश्रय नव्हता, फर्नांडांपाशी अमाप द्रव्य नव्हते. आपल्या भाषेत ही गोष्ट सांगता येते, एवढा विश्वास त्यांच्यापाशी होता. आणि तितकाच विश्वास तिकिटासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या खलाशांपाशी व स्वयंपाक्यांपाशी होता.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही उद्या चित्रपट काढाल की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु येत्या सुटीत एक गोष्ट तुम्हांस सहज करता येईल. घरच्या मोबाइलवर आजीची एखादी गोष्ट तिच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करा. तिच्या लग्नातली, धान रोवणीची, वाघाची, कोणतीही. तिला मध्येच थांबवू नका, तिचा शब्द सुधारू नका. शाळा उघडल्यावर ती आम्ही वर्गात सर्वांना ऐकवू. पालकांनाही आमची विनंती आहे की, मुलगा घरी आपली बोली बोलला म्हणून त्यास गावंढळ म्हणू नये. मराठी व हिंदी उत्तम शिकविण्याची जबाबदारी आम्हां शिक्षकांची. ती आम्ही टाळणार नाही.

मागच्या बाकावरच्या त्या मुलास त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नव्हते. ते आज देतो. होय बाळा, आपल्या बोलीतही चित्रपट असतो. कोणीतरी तो पहिल्यांदा काढावा लागतो, आणि तो लागला म्हणजे आपण तो पाहावयास जावे लागते.